लाल ‘एल’ची लाज

(बी. कॉम., तृतीय वर्ष)

विम्याची मूलतत्त्वे किती व ती कोणती, हा प्रश्न आमच्या परीक्षेत हमखास येतो आणि त्याचे उत्तर आम्ही सगळेच हमखास लिहितो. परम विश्वासाचे तत्त्व, विमायोग्य हितसंबंधाचे तत्त्व, नुकसानभरपाईचे तत्त्व. एकेका तत्त्वापुढे चार ओळी आणि एक उदाहरण. त्या पेपरात मी वर्गात दुसरी आले होते. परंतु आमच्याच घरातल्या मोटारीचा विमा कोणाच्या नावावर आहे, त्यात काय लिहिले आहे, आणि ती मोटार मी शिकत असताना त्या कागदाचा कोणाला काय उपयोग, हे मला ठाऊक नव्हते. ते ठाऊक होण्यासाठी एका कष्टकरी बाईचे मनगट मोडावे लागले. हा लेख मी लाजेपोटी लिहिते आहे. त्यात कोणाला विद्वत्ता दिसलीच, तर ती उशिरा आलेली आहे असे समजावे.

गेल्या दिवाळीत बाबांनी एक जुनी अल्टो घेतली. शहापुरातल्या एका ओळखीच्या गृहस्थांची ती गाडी. केए-२२ची पाटी, रंग थोडा उडालेला, पण इंजिन ठणठणीत. उभा जन्म स्कूटरवर काढलेल्या बाबांना ती विमानासारखी वाटली. आईने गाडीला हळदकुंकू लावले, चाकाखाली लिंबू ठेवले, दादाने पेढे वाटले. आर. सी. बाबांच्या नावावर करून घेण्याचे काम एका एजंटाने केले. बाकीची कागदपत्रे प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्या गृहस्थांनी आमच्या हाती दिली होती. “विमा आहे ना?” बाबांनी विचारले. “आहे की, फुल इन्शुरन्स आहे,” ते म्हणाले. एवढ्या संवादावर आमचे समाधान झाले आणि पिशवी कपाटात गेली.

मी शिकाऊ परवाना काढला. त्यासाठीची परीक्षाही चांगल्या मार्कांनी पास झाले. पंधरा दिवस मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर गेले. ज्यांनी तसे शिक्षण घेतले आहे त्यांना माहीत असेल की, त्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही ब्रेक असतो. त्यामुळे आपण चालवतो आहोत असे आपल्याला वाटते, पण निम्मी गाडी तोच चालवीत असतो. पंधरा दिवस संपल्यावर सगळ्यांनी एकच सल्ला दिला, “आता घरच्या गाडीवर हात बसव.” हा सल्ला बेळगावात काय किंवा कोल्हापुरात काय, प्रत्येक शिकणाऱ्याला मिळतो. तो चुकीचा आहे असे मी अजूनही म्हणत नाही.

हात बसविण्यासाठी अनगोळच्या बाजूच्या एका नव्या वसाहतीतले रिकामे रस्ते आणि त्यांना लागून असलेली मोकळी जागा आम्ही शोधून काढली. रविवारी सकाळी दादा मला तिथे नेई. पहिल्या दिवशी पुठ्ठ्यावर लाल शाईने ‘एल’ काढून तो चिकटपट्टीने मागच्या काचेला लावला होता. दुसऱ्या दिवशी तो गळून पडला. तिसऱ्या दिवशी दादा म्हणाला, “राहू दे गं. ‘एल’ बघितला की मागचे हॉर्न मारून जीव काढतात.” मलाही ते पटले. खरे सांगायचे तर मला त्या पाटीची लाजच वाटत होती. वर्गातल्या मैत्रिणी स्कूटी भुर्रकन नेतात आणि आपण काचेवर ‘मला येत नाही’ असे लिहून हिंडायचे, ही कल्पना माझ्या वयाला मानवली नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी दादाने मला गाडी मागे घ्यायला शिकवायचे ठरविले. मला मागचे नीट दिसेना, म्हणून तो खाली उतरला आणि गाडीच्या मागे बाजूला उभा राहून हात हलवू लागला. “ये, ये, अजून ये.” मी आले. नेमक्या त्याच वेळी कोपऱ्यावर एक भाजीवाली बाई डोक्यावरची पाटी उतरवून बसत होती. दादा ओरडला, “ब्रेक दाब की गं!” मी जो पाय दाबला तो ब्रेकवर नव्हता.

पुढचे फार लिहीत नाही. पाटीतली वांगी आणि मेथी रस्ताभर झाली. मागच्या बंपरचा कोपरा गेला, दिवा फुटला. समोरच्या घरातले एक कन्नड काका “निधान, निधान” म्हणत धावत आले आणि त्यांनी त्या मावशींना हलक्या हाताने उठवून बसविले. मी स्टिअरिंगला धरून तशीच बसून होते. दवाखान्यात फोटो काढला, उजव्या मनगटाचे हाड मोडले होते. प्लास्टर झाले. बाबांनी दवाखान्याचे बिल भरले आणि वर पाच हजार रुपये मावशींच्या हातात ठेवले. त्या म्हणाल्या, “पोरीला रागावू नका हो साहेब, शिकत्याली हाय.” आम्हाला अगदी गहिवरून आले. घरी येऊन बाबा म्हणाले, “चला, प्रकरण मिटलं.”

हे ‘मिटलं’ आपल्याकडे फार प्रिय आहे. भाऊबंदकी पिढ्यान्‌पिढ्या मिटत नाही, पण रस्त्यावरचा अपघात पंधरा मिनिटांत मिटतो. मिटविणारे असतात गाडीवाले आणि जमलेले चार प्रतिष्ठित लोक. ज्याचे हाड मोडलेले असते तो त्या वेळी कण्हत असतो, त्यामुळे त्याचे मत विचारण्याचा प्रश्नच येत नाही.

तीन आठवड्यांनी बंपर दुरुस्त करण्याचा विषय निघाला. गॅरेजवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून बाबांना विम्याची आठवण झाली आणि ती प्लास्टिकची पिशवी कपाटातून बाहेर आली. वाणिज्य शाखेची म्हणून ती माझ्या पुढ्यात ठेवण्यात आली. पॉलिसी चालू होती, पण तिच्यावर नाव होते त्या शहापूरच्या गृहस्थांचे.

येथून माझे खरे शिक्षण सुरू झाले. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या १५७व्या कलमाप्रमाणे गाडी विकली की तिच्याबरोबर त्रयस्थांसाठीचा विमा नव्या मालकाकडे आपोआप गेला असे मानतात. परंतु नव्या मालकाने चौदा दिवसांच्या आत कंपनीकडे अर्ज करून पॉलिसीवर आपले नाव लावून घ्यायचे असते. शिवाय ‘आपोआप’ जाते ते फक्त त्रयस्थांचे संरक्षण. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग नाव लागल्याशिवाय आपला होत नाही. म्हणजे ज्याला आम्ही ‘फुल इन्शुरन्स’ म्हणत होतो तो आमच्यापुरता अर्धा होता. आर. सी. बदलली की सगळे झाले, असे समजणारे आमच्यासारखे किती असतील! जुन्या गाड्या घेणारी मध्यमवर्गीय घरे आपल्या या महाविद्यालयात पुष्कळ आहेत. त्या सर्वांनी आज घरी गेल्यावर कपाट उघडावे.

बंपरचा प्रश्न असा निकालात निघाला. पण पुस्तक हातात घेतले की मागचे पान वाचल्याशिवाय ते ठेवू नये, अशी आमच्या एका प्राध्यापकांची शिकवण आहे. मी पॉलिसीचे बारीक अक्षरातले पान वाचू लागले. त्यात ‘वाहन कोण चालवू शकेल’ असे एक कलम होते. प्रभावी परवाना असलेली कोणीही व्यक्ती चालवू शकेल, हे पहिले वाक्य. शिकाऊ परवाना असलेली व्यक्तीही चालवू शकेल, मात्र तिने केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील तिसऱ्या नियमाची पूर्तता केलेली असली पाहिजे, हे दुसरे.

हे दुसरे वाक्य वाचून मी थक्क झाले. माझी समजूत अशी होती की शिकाऊ माणसाला विमा नसतोच. दादाची समजूत अशी की विमा गाडीचा असतो, चालवणारा कोणीही असो. दोघेही चूक होतो. शिकणाऱ्याला आपल्या देशात वेगळा विमा काढावा लागत नाही, घरच्या गाडीच्या पॉलिसीतच त्याची सोय आहे. पण ती सोय तीन अटींवर आहे आणि त्या अटी तिसऱ्या नियमात आहेत. पहिली, शिकाऊ परवाना मुदतीतला हवा. तो सहा महिने चालतो. दुसरी, त्या प्रकारच्या वाहनाचा परवाना असलेला शिकवणारा बरोबर हवा आणि गाडी ताब्यात घेता येईल किंवा थांबवता येईल अशा जागी बसलेला हवा. तिसरी, गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ हवा. त्याची मापेसुद्धा दिली आहेत: पाटी किमान अठरा सेंटिमीटर चौरस, अक्षर किमान दहा सेंटिमीटर उंच.

आता माझा हिशोब पाहा. परवाना होता. पाटी नव्हती. शिकवणारा होता, पण बसलेला नव्हता. रस्त्यावर उभा राहून ‘ये, ये’ म्हणत होता. शेजारच्या सीटवर तो असता तर त्याचा हात हँडब्रेकपर्यंत पोचला असता. आमच्या घरच्या गाडीत दुसऱ्या माणसाच्या पायाखाली ब्रेक नाही, त्यामुळे हँडब्रेक एवढाच काय तो त्याचा अधिकार. तोही आम्ही सोडून दिला होता. ज्यांना मी क्षुल्लक औपचारिकता समजत होते, त्या तीन अटींपैकी दोन अटी मोडून मी गाडी मागे घेत होते.

“पण ते तर मोकळं मैदान होतं, रस्ता कुठे होता?” दादाने शंका काढली. कायद्यात त्याचेही उत्तर आहे. सार्वजनिक जागा म्हणजे जिथे लोकांना जाण्यायेण्याचा हक्क आहे अशी कोणतीही जागा, मग ती रहदारीची असो वा नसो. लोक ज्या मैदानात फिरायला येतात, पोरे क्रिकेट खेळतात, तिथे शिकतानाही विमा आणि परवाना दोन्ही लागतात. रिकामी दिसणारी जागा रिकामी नसते, हे मला पुस्तक वाचण्याआधीच कळले होते.

विमा कंपनी अशा वेळी काय करते, हेही मी पाहिले. या प्रश्नाचा न्यायालयातला इतिहास मोठा बोधप्रद आहे. १९३९च्या जुन्या कायद्याखालच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली असे म्हटले होते की, शिकाऊ परवाना असलेला माणूस रीतसर परवानाधारक नव्हे, आणि त्या पॉलिसीच्या अटींप्रमाणे कंपनी जबाबदार नाही. पुढे २००४ साली तीन न्यायमूर्तींच्या पीठाने १९८८च्या कायद्याचा विचार करून सांगितले की शिकाऊ परवाना हाही परवानाच आहे. केवळ शिकाऊ माणूस चालवीत होता म्हणून कंपनीला हात झटकता येणार नाहीत. अटीचा भंग झाला असेल तर तो अपघाताला कारणीभूत ठरला का, हे पाहावे, असेही त्या निकालात आहे. शिवाय जखमी माणसाला आधी भरपाई मिळावी आणि मालकाचा दोष असल्यास कंपनीने ती रक्कम नंतर मालकाकडून वसूल करावी, असा मार्ग त्यात दाखविलेला आहे.

न्यायालयाची ही दृष्टी मला फार थोर वाटते. विमा हा गाडीवाल्याच्या सोयीसाठी नाही, तो रस्त्यावरच्या माणसासाठी आहे, हे तिच्यामागचे सूत्र आहे. आम्ही परीक्षेत लिहितो ती सगळी तत्त्वे विमाधारक आणि कंपनी या दोघांच्या नात्याची आहेत. मोटारीचा सक्तीचा विमा मात्र तिसऱ्याच माणसासाठी असतो, ज्याने हप्ता भरलेला नाही, सही केलेली नाही, आणि ज्याला पॉलिसी कशाशी खातात हेही ठाऊक नसते. आमच्या बाबतीत तो तिसरा माणूस वांग्यांची पाटी घेऊन कोपऱ्यावर बसत होता.

माझ्यापुरते मात्र त्या निकालाने समाधान झाले नाही. पाटी नव्हती म्हणून अपघात झाला नाही, असा वाद कदाचित घालता येईल. पण शेजारची सीट रिकामी होती म्हणूनच अपघात झाला, हे मी कोणत्या तोंडाने नाकारू?

याच वाचनात मला १६४वे कलम सापडले आणि माझी झोप उडाली. २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या या कलमाप्रमाणे मोटार अपघातात मृत्यू झाल्यास पाच लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास अडीच लाख रुपये मालकाने किंवा विमा कंपनीने द्यायचे आहेत. त्यासाठी चूक कोणाची हे जखमी माणसाने सिद्ध करण्याची गरज नाही. हाड मोडणे ही कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापत आहे. अडीच लाख! आणि आम्ही पाच हजारांत, वांगी-मेथीसकट, प्रकरण मिटविले होते आणि वर गहिवरलो होतो.

मी हे रात्री जेवताना सांगितले. घरात शांतता पसरली. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांचे गणित सरळ होते. मावशींनी दावा केला तर कंपनी देईल, पण अटी मोडल्या म्हणून उद्या आमच्याकडून वसूलही करील. निवृत्तीच्या पैशांतून अडीच लाख म्हणजे पोरखेळ नव्हे. शेवटी ते म्हणाले, “मिटलंय ते कशाला उकरायचं? तिची काही तक्रार नाही.” दादाने मान हलविली. मीही गप्प राहिले, हे प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. परम विश्वासाच्या तत्त्वावर पाच मार्कांचे उत्तर लिहिणारी मी, त्या रात्री गप्प राहिले.

बोलली ती आई. “मिटलं, मिटलं म्हणताय, पण कुणाचं मिटलं? दीड महिना तिला पाटी उचलायची नाही. तिला सांगा तरी. पुढं तिचं ती बघेल.”

आम्ही वडगावच्या पलीकडच्या त्यांच्या खेड्यात गेलो. मावशी ओसरीत बसल्या होत्या, सून भाकऱ्या थापत होती. बाबांनी पॉलिसी, कलम, न्यायाधिकरण सगळे समजावून सांगितले. त्या ऐकत होत्या, पण त्यांचा विश्वास बसेना. ज्याने धडक दिली तोच येऊन ‘आमच्यावर दावा लावा’ म्हणतो, यात काहीतरी डाव असणार असेच त्यांच्या मुलाला वाटले, आणि त्याला मी दोष देत नाही. दोन दिवसांनी तो एका वकिलाला विचारून आला. मग रीतसर पोलिसांत जबाब झाले. पोलीस ठाण्याची पायरी मी त्या दिवशी पहिल्यांदा चढले. जखमीला उपचार मिळवून देणे आणि विमा कंपनीला अपघाताची लेखी माहिती देणे हे चालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. त्यातले दुसरे आम्ही उशिरा केले, आणि उशीर का झाला याचे उत्तरही लिहून दिले. प्रकरण न्यायाधिकरणापुढे आहे, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही. निकाल काय लागेल आणि बाबांना काय भरावे लागेल हे आज कोणालाच सांगता येत नाही.

या काळात माझी इंग्लंडमधली मावसबहीण फोनवर भेटली. तीही तिकडे गाडी शिकते आहे. तिकडे विमा चालवणाऱ्या माणसाशी बांधलेला असतो. मैत्रिणीच्या किंवा आईवडिलांच्या गाडीवर शिकायचे तर त्या गाडीच्या विम्यात तिचे नाव हवे, नाहीतर तिने स्वतःचा शिकाऊ विमा घ्यावा. तो थोड्या दिवसांसाठी किंवा आठवड्यांसाठीही मिळतो. त्यात काही भानगड झाली तरी गाडीमालकाच्या बोनसला धक्का लागत नाही. बरोबर बसणारा किमान एकवीस वर्षांचा आणि तीन वर्षांचा परवानाधारक हवा. हे ऐकून “बघा, तिकडे कसं शिस्तीत असतं,” असे आपण लगेच म्हणतो. माझे मत थोडे निराळे आहे. आपली व्यवस्था शिकणाऱ्याला अधिक स्वस्त आणि अधिक उदार आहे. हजार सी. सी.च्या आतील खासगी मोटारीचा त्रयस्थ विम्याचा वार्षिक दर २०२२ साली ठरला तो कर वगळून २,०९४ रुपये, म्हणजे दिवसाला सहा रुपयेसुद्धा नाहीत. त्यात शिकणाऱ्याचा वेगळा पैसा नाही. त्याबदल्यात आपल्याकडे मागितले आहे ते फक्त एक पाटी आणि शेजारी बसणारा एक माणूस. उदार माणसाचा आपण नेहमी गैरफायदा घेतो, तसा या उदार कलमाचाही घेतला आहे.

एका बाबतीत मात्र ते कलम उदार नाही, आणि शिकणाऱ्यांनी ते नीट ध्यानात ठेवावे. त्रयस्थ विमा दुसऱ्यांसाठी आहे. आपल्याच चुकीने आपलेच हाड मोडले तर तो आपल्या कामाचा नाही. पंधरा लाखांचे जे अपघात संरक्षण २०१८पासून पॉलिसीबरोबर घेतात, ते गाडीच्या नोंदणीकृत मालकासाठी आहे आणि त्यालाही प्रभावी परवाना लागतो. बाबांच्या गाडीवर शिकणारी मुलगी त्यात बसत नाही. म्हणजे गाडीत जिला सर्वांत कमी येते, तीच सर्वांत उघडी. घरच्या गाडीवर शिकण्याआधी कंपनीला किंवा एजंटाला लेखी विचारून, लागेल ते वैयक्तिक अपघाताचे जादा संरक्षण घ्यावे. तोंडी ‘आहे की’ यावर विसंबू नये, आमची कथा तिथूनच बिघडली.

आणि आपल्या कनिष्ठ मित्रांसाठी दोन शब्द. अठरा वर्षांखाली मोटारीचा शिकाऊ परवानाही मिळत नाही. सोळाव्या वर्षी मिळतो तो फक्त पन्नास सी. सी.पर्यंतच्या विनागिअर दुचाकीचा. तरी आपल्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या गाड्या कोणत्या आणि त्यांचे स्वार किती वर्षांचे, हे सर्वांना दिसते. २०१९च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड होऊ शकतो. वडिलांनी कौतुकाने दिलेली किल्ली त्यांनाच कोर्टात उभी करू शकते.

मग घरी शिकूच नये काय? असे मी मुळीच म्हणत नाही. पंधरा दिवसांत कोणालाही गाडी येत नाही. सराव हवाच आणि तो घरच्या गाडीवरच परवडतो. विशेषतः मुलींना तर घरची गाडी आणि घरचा माणूस असेल तरच ही विद्या मिळते. माझे म्हणणे इतकेच की, तो सराव विम्याच्या छत्राखाली व्हावा, आणि छत्र उघडे ठेवण्यासाठी जे करायचे ते अगदी थोडे आहे.

त्यासाठी माझ्या तीन सूचना आहेत. ड्रायव्हिंग स्कूलच्या शेवटच्या दिवशी शिकणाऱ्याला हे चालकाचे कलम वाचून दाखवावे. क्लचइतकेच ते महत्त्वाचे आहे. विमा कंपन्यांनी इंग्रजी पॉलिसीसोबत या एका कलमाचे एक पान मराठीत आणि कन्नडमध्ये द्यावे. ज्या गावात एकाच गल्लीत दोन्ही भाषा नांदतात, तिथे ज्याच्या त्याच्या भाषेत हक्क सांगणे ही मेहेरबानी नव्हे. आणि आपल्या महाविद्यालयाच्या वाणिज्य मंडळाने वर्षातून एक दिवस विद्यार्थ्यांच्या घरच्या पॉलिसी तपासण्याचा उपक्रम करावा. नाव कोणाचे, मुदत कधीपर्यंत, कलम काय, एवढे तीन प्रश्न पुरेत. पाठ केलेल्या तत्त्वांचा त्याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

या मासिकाच्या दोन विभागांत भाषा दोन असल्या तरी रस्ता एकच आहे. कायद्याने शिकाऊ परवानाही साऱ्या भारतात चालतो. बेळगावचा ‘एल’ शिनोळीच्या पुढे चंदगडपर्यंत नेला तरी तो ‘एल’च राहतो. सीमेवरच्या आपल्या आयुष्यात इतकी निर्वेध गोष्ट दुसरी कोणती असेल!

एप्रिलमध्ये मी पुन्हा गाडी हातात घेतली. आधी पॉलिसीवर बाबांचे नाव लागले. मग पट्टीने मोजून अठरा सेंटिमीटरच्या दोन पाट्या मी स्वतः रंगविल्या, एक पुढे आणि एक मागे. दादा आता शेजारी बसतो आणि त्याचा डावा हात नसला तरी उजवा हात हँडब्रेकपाशी असतो. मागचे लोक हॉर्न मारतात, मारू देत. मावशींचे प्लास्टर निघाले आहे, पण जड पाटी अजून उचलत नाही. सून त्यांच्याबरोबर येते. कोपऱ्यावर दिसल्या की मी गाडी थांबवते. परवा त्यांनी पाटीकडे बोट दाखवून विचारले, “हे तांबडं काय लिवलंयस गं?” मी म्हटले, “मावशी, मी शिकते आहे असं लिहिलंय.” त्या म्हणाल्या, “मग आदीच लिवायचं न्हाई व्हय?”

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे म्हणतात. आमच्या बाबतीत ठेच आम्हाला लागली नाही, दुसऱ्यालाच लागली. निदान शहाणे तरी आपण सर्वांनी व्हावे.